फक्त वर्गणीदारांसाठी

९ जानेवारी २०००

गप्प केलं त्याला! भर सभेत. टाळ्या मला पडल्या आणि हा माणूस खाली बघून हसत होता. हरल्यावरही हसणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

परिसंवाद होता — 'इंटरनेट आल्यावर मासिकांचं काय होणार?' व्यासपीठावर चौघं. एक टायवाला सल्लागार — तो कोणाला आणि कसला सल्ला देतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक प्रकाशक. मी. आणि दानशूर.

टायवाल्याचं भविष्य असं — पाच वर्षांत सगळं फुकट होणार. बातम्या, गाणी, पुस्तकं, डॉक्टरचा सल्लासुद्धा. खर्च जाहिरातवाले उचलणार, वाचणाऱ्याने खिशात हातच घालायचा नाही. प्रकाशकाचं वेगळंच. म्हणे एकेक पान सुटं विकलं जाणार. चिल्लर टाकली की पान उघडेल, वजनाच्या काट्यासारखं. मागून कोणीतरी ओरडलं, "आणि पान टुकार निघालं तर चिल्लर परत येणार का?" प्रकाशक पेला उचलून पाणी प्यायला.

मग दानशूर उठला. "माहिती नळाच्या पाण्यासारखी होणार. तोटी सोडली की आली. जे अडवून धरतील ते कोरडे राहतील." — आणि हे म्हणताना बघितलं कोणाकडे? माझ्याकडे!

माइक ओढलाच मी. म्हटलं, "नळाच्या पाण्याचंही बिल येतं हो. आणि ज्याचं बिल येत नाही ते पाणी मी तरी उकळल्याशिवाय पीत नाही." हशा! पुढच्या रांगेतला एक म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. तेवढ्यात माझंही भविष्य सांगून टाकलं — दोन वर्षं थांबा. फुकट वाटणारे थकतील, कारण पोट त्यांनाही आहे. आणि फुकटचं लोक वाचतील, पण त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. माणूस ज्याचे पैसे मोजतो त्याच्यावरच विश्वास ठेवतो.

घरी येताना हे म्हणाले, "छान बोललीस. तोही काही वाईट बोलला नाही."

ह्यांना जन्मात कधी एक बाजू घेता आली नाही.

११ जानेवारी

दानशूर हे नाव माझंच. तोंडावर म्हणत नाही, पण म्हणेन एक दिवस.

ह्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. चौकात औषधांचं दुकान. मी हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञाची नोकरी सोडून मधुमेहींसाठी मासिक काढलं, तेव्हा पहिल्या अंकापासून लिहायला होता. गोळ्या, सुया, औषधांच्या वेळा — लोक त्याचं सदर आधी वाचायचे, माझं संपादकीय नंतर. वाचत असतील तर.

गेल्या वर्षी एकदा चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, जुने अंक इंटरनेटवर टाकू या. फुकट." मी म्हटलं, "आणि छापखान्याला काय, आशीर्वाद देऊ?" तर भांडला नाही, रुसला नाही. सदर बंद केलं आणि स्वतःचं पान काढून बसला. रोज लोकांच्या प्रश्नांना उत्तरं. एक छदाम घेत नाही. दुकानाचा गल्ला आहे ना! दानधर्म परवडतो.

आणि हे? हे रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसतात. माझा नवरा, शत्रूच्या स्टुलावर.

२० जानेवारी

एक जुनी वर्गणीदार बाई आली. पर्स छातीशी धरून उभी. "राग मानू नका हं, पण मुलगा म्हणतो तिथे फुकट मिळतं, मग कशाला —"

म्हटलं, "सरकारी दवाखान्यात पायसुद्धा फुकट कापून मिळतो."

गेली बिचारी. चप्पल नीट न घालताच. हे आतून आले. "असं बोलतात का माणसाला?"

बोलतात. मी बोलते.

२१ जानेवारी

काल जे तोंडातून गेलं ते उगाच गेलं नाही.

माझ्या बाबांचा पाय. मधुमेह होता. अंगठ्याला साधा फोड. शेजारी येऊन सांगायचे — हा लेप लावा, ती पूड घ्या, गोळ्या सोडा, गोळ्यांनी किडनी जाते. सगळं प्रेमाने. सगळं फुकट. पैसे घेऊन सांगणारा डॉक्टर एकच होता, बाबांनी त्याचंच ऐकलं नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून खाली. आणि ज्यांनी सल्ले दिले होते ते सफरचंदं घेऊन भेटायला आले! एकालाही वाटलं नाही की आपण काही केलंय. फुकट सांगणाऱ्याला कसलीच जबाबदारी नसते. सांगितलं आणि गेला.

म्हणून मी पैसे घेते. पैसे घेतले की माझी मान अडकते. अडकायलाच हवी.

हे दानशूराला कळत नाही. कळलं असतं तर हसला नसता.

४ फेब्रुवारी

सूनबाई तिकिटांच्या एजन्सीत काम करते, तिथे दिवसभर इंटरनेट चालू. दर शुक्रवारी ती दानशूराचं पान छापून डब्याच्या पिशवीतून आणते. मीच सांगितलंय. शत्रू काय लिहितो ते बघायला नको?

लाल पेन घेऊन बसते. ऱ्हस्वदीर्घाच्या नावाने बोंब! पण प्रश्न — प्रश्न मात्र दोनदा वाचते. 'काका, माझ्या आईला रात्री घाम येतो.' 'काका, सुई किती वेळा वापरायची?' हे प्रश्न मला यायचे. पाकिटातून, तिकीट लावून. आता ते त्याला 'काका' म्हणतात.

सून म्हणाली, "चांगलं लिहितात ना पण?"

म्हटलं, "तू फक्त छापून आण."

१५ फेब्रुवारी

चिरंजीव दौऱ्यावरून आले ते शहाणपण घेऊन आले. "आई, तूही वेबसाइट काढ. पण पैसे लाव. पासवर्ड दे ज्याने भरले त्यालाच." पहिल्यांदाच पोरगं माझ्या वळणावर गेलं! त्याच्या मित्राने दोन दिवसांत उभी करून दिली. दाराला कुलूप असलेली वेबसाइट. बघू दे आता टायवाल्याला.

२८ फेब्रुवारी

कुलूप कसलं!

पैसे भरून पासवर्ड घेतला मोजक्या लोकांनी. त्यातल्या एका सद्गृहस्थाने तो आपल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाला सांगितला. मंडळाने मेहुण्यांना. आज एक अनोळखी माणूस फोन करून म्हणतो, "बाई, तुमचा तो पासवर्ड चालत नाहीये." म्हटलं, "वर्गणी कधी भरलीत?" तर म्हणतो, "वर्गणी? ही फुकट नाही का?"

जेवताना सांगितलं तर हे ठसका लागेपर्यंत हसले. सूनसुद्धा तोंडावर हात धरून. एक मीच आहे ह्या घरात जिला हसू येत नाही.

३ मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!

आज शुक्रवार. सूनबाईने पानं दिली. चहा गार होईपर्यंत वाचत होते, आणि तिसऱ्या पानावर कोष्टक. इन्सुलिनचं. दोन ताकदींचं येतं — मिलीलिटरला चाळीस युनिटचं जुनं, शंभरचं नवं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. औषध एका ताकदीचं आणि हाताशी सिरिंज दुसरी असेल, तर किती रेघा भरायच्या त्याचं कोष्टक. आणि दोन रकान्यांचे मथळे अदलाबदल झालेत! शंभरचं औषध जुन्या सिरिंजने घ्यायचं तर कमी भरायचं. हा सांगतो जास्त भरा! दहा युनिट घ्यायचे तिथे साठ जातील. माणूस झोपेतून उठायचा नाही.

तीनदा पडताळलं. कागदावर आकडे मांडून. चूक म्हणजे चूक. अशी चूक की पुन्हा त्याने सभेत उभं राहू नये.

सूनबाईला दाखवलं. तिचा चेहरा उतरला. "अरे देवा. आई, त्यांना फोन करा ना लगेच. किंवा बाबांना पाठवा दुकानात."

"अंकात येईल."

"अंक यायला दोन आठवडे आहेत, आई."

"मग काय झालं?"

"तोवर कोणी वाचून —"

"फुकटचं वाचून कोणी सुई टोचत नाही. आणि हे बघ, घरात कोणाला बोलायचं नाही. बाबांना तर मुळीच नाही. ते धावत जातील स्टुलावर."

ती कप उचलून आत गेली. आजकालच्या मुलींना वाईट फार पटकन वाटतं.

५ मार्च

लेख झाला. इतकं झरझर कधी लिहिलं नव्हतं. मथळा — 'नळाचं पाणी'. त्याचंच वाक्य त्याच्याच घशात! शेवटचा परिच्छेद तीन वेळा मोठ्याने वाचला, बाथरूममध्ये, नळ सोडून.

९ मार्च

सकाळी भाजी निवडताना मनात आलं — समजा कोणी वाचलं आणि केलंच तसं?

करणार नाही. मी सभेत सांगितलंय ना. आणि केलंच, तर जबाबदारी कोणाची? लिहिणाऱ्याची. माझी नाही. मी फक्त वाचलं.

भाजी मात्र अर्धी देठासकट चिरली गेली.

१० मार्च

सून म्हणते ऑफिसातला प्रिंटर बिघडलाय. ह्या आठवड्यात पानं नाहीत. नसू देत. मला हवं ते मिळालंय.

१४ मार्च

छापखान्यात गेले होते. छापखानेवाल्याने प्रूफ वाचलं आणि खूश! "बाई, सोलून काढलाय की हो! ह्या अंकाच्या जादा प्रती काढू या का?" दात विचकून हसत होता.

का कोण जाणे, त्याचं ते हसणं घरापर्यंत बरोबर आलं.

१७ मार्च

प्रिंटर अजून बिघडलेलाच म्हणे. एवढी मोठी एजन्सी!

१८ मार्च

अंक आले. पुढच्या खोलीत गठ्ठेच गठ्ठे. दर महिन्याप्रमाणे हे सतरंजीवर बसले, डिंकाची वाटी, पत्त्यांच्या पट्ट्या. ह्यांना हे काम आवडतं. एकेक पत्ता मोठ्याने वाचतात — "ह्यांनी घर बदललेलं दिसतंय." "ह्या बाईंची वर्गणी मुलीने भरली यंदा."

मग आवाज बंद झाला. मी स्वयंपाकघरातून डोकावले. अंक उघडून वाचत बसले होते. 'नळाचं पाणी'.

"हे तुला कधी कळलं?"

"तीन तारखेला."

ब्रश वाटीत ठेवला. "आज अठरा आहे."

"मला तारीख कळते."

"तो रोज माझ्याशेजारी बसतो. रोज. मी त्याला सांगितलं असतं ना गं."

"म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही."

उठले. शर्ट बदलला नाही, घरातल्याच कपड्यांत बाहेर पडले. जेवायला आले नाहीत. मी एकटी जेवले. मला काही कोणाचं भय नाही.

संध्याकाळी आले. दारातच उभे. रागाने येतील म्हणून मी तयारीत होते, तर चेहऱ्यावर भलतंच काहीतरी. म्हणाले, "त्याने ते त्याच दिवशी बदललंय. तीन तारखेलाच. पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत टाकलंय — आधीचं कोष्टक चुकीचं आहे, वापरू नका, चूक सर्वस्वी माझी. आणि खाली — मासिकाच्या संपादिकाबाईंनी वाचताक्षणी कळवलं, त्यांचे उपकार आहेत."

"कोणी कळवलं?"

"तू."

मी वळले. मागे सून उभी होती, हात पुसत. पळाली नाही, हे तिचं कौतुक.

"मी त्याच संध्याकाळी सायबर कॅफेतून ई-मेल केला, आई. तुमच्या नावाने."

"माझ्या नावाने?"

"माझ्या नावाने केला असता तर त्यांनी विचारलं असतं, हिला काय कळतं. बाबांजवळ बोलू नका असंही लिहिलं होतं."

मी ओरडले. खूप ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. प्रिंटरसुद्धा बिघडला नव्हता! ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्ही कळवलंच असतं. दोन दिवसांनी राग उतरल्यावर. मी फक्त आधी कळवलं."

ही भलाई म्हणायची की थोबाडीत? अजून ठरवता येत नाही.

१९ मार्च

फोन थांबत नाहीत. काल दुकानात जमलेल्यांपुढे ह्यांनी सगळं सांगितलेलं दिसतंय. आज रविवार, सगळे घरी. "बाई, मोठं मन लागतं हो." "प्रतिस्पर्ध्याची चूक झाकून, त्याला गुपचूप सांगायचं — आजच्या जगात कोण करतं?" एक डॉक्टर, ज्याने कधी माझा अंक उघडून पाहिला नाही, तो म्हणाला, "अभिमान वाटला." आणि मी प्रत्येकाला काय म्हटलं? "अहो, त्यात काय." त्यात काय! जीभ झडली नाही.

आणि पुढच्या खोलीत गठ्ठे. ते पोस्टात पडले की ह्या सगळ्यांच्या हातात 'नळाचं पाणी'. मग म्हणतील, बाईंनी एका तोंडाने कळवलं आणि दुसऱ्या तोंडाने ठेचलं.

ठेचीन! चूक झाली होती की नव्हती? झाली होती. छापलंय ते जाणार.

२० मार्च

ह्यांनी पट्ट्या चिकटवायला साफ नकार दिला. "ह्या अंकाला माझा हात लागणार नाही." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एक बाजू घेतली — तीही ही!

एकटीने चिकटवतेय. बोटं डिंकाने बरबटली. अर्धे झाले.

२१ मार्च

सकाळी दानशूर आला.

वर्षभरात घराची पायरी चढला नव्हता. धापा टाकत होता, पांढरा कोट अंगात तसाच. दुकान उघडं टाकून आलो म्हणाला. मला वाटलं, आता आभार मानणार. म्हटलं बसा. बसला नाही. गठ्ठ्यांमधून वाट काढताना वरचा अंक दिसला त्याला — उघडाच होता, तेच पान. दोन ओळी वाचल्या असतील. अंक मिटून बाजूला ठेवला.

"ह्यावर नंतर बोलू, वहिनी. आधी हे बघा."

खिशातून एक घडीचा कागद काढला. जाड, पिवळट, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीने जोडलेला. कोष्टक. तेच. मथळे तसेच अदलाबदल.

"हे तुमच्या पानावरचं छापून घेतलंय कोणी," मी म्हटलं.

"नाही वहिनी. काल दुकानात एक बाई आल्या. शंभरचं इन्सुलिन द्या म्हणाल्या, आणि पर्समधून हे काढलं, रेघा बघायला. मी म्हटलं कुठून आणलंत. वरती बघा."

वर बघितलं. आमचं बोधचिन्ह. चार वर्षांपूर्वीचा वर्धापनदिन अंक. सुटं कोष्टक दिलं होतं आम्ही, अंकाच्या मधे घालून, चांगल्या जाड कागदावर. मजकूर त्याने लिहिला होता. तपासला मी होता. खाली बारीक अक्षरांत — कपाटाच्या दारावर चिकटवा. ती ओळ माझी. आणि सगळ्यात वर, ठळक, चौकटीत — 'फक्त वर्गणीदारांसाठी'.

"मला वाटलं होतं टाइप करताना माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "मी तर आपल्याच अंकातलं जसंच्या तसं उतरवलं होतं. चूक तेव्हाचीच आहे. मी लिहिताना केली."

पुढचं तो बोलला नाही. मी तपासताना सोडली हे मला कळत होतं. तेव्हा तो आपला माणूस होता. आपल्या माणसाचं मी लाल पेन घेऊन वाचलंच नव्हतं. वरवर नजर टाकली, सही केली, आणि चहा पाजला.

"तेव्हा काही बिघडलं नाही," तो म्हणत होता, "शंभरचं इथे मिळतच नव्हतं. कोणी नातेवाईक बाहेरून आणून द्यायचे तेवढंच. आता डिसेंबरपासून माझ्या दुकानातही आहे. सगळ्याच दुकानांत आहे. जुन्या सिरिंज लोकांकडे पडलेल्या असतात. वहिनी, माझं पान मी दहा मिनिटांत बदललं. हे कसं बदलायचं?"

हे दारात आले होते. सूनबाईही. रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

मला त्याचा राग यायचा थांबला असं नाही. उलट वाढला. पानावर 'चूक सर्वस्वी माझी' लिहून बसला होता, आजही अंकाचं नाव कुठे घेणार नाही म्हणाला. मला नको आहे त्याचं दान! पण म्हटलं काय, तर, "पत्त्यांच्या पट्ट्या ह्यांच्याकडे आहेत. फोन नंबर कपाटात. चौघं आहोत."

"पानावरही टाकतो," तो म्हणाला. "अंकाचं नाव न घेता."

"नाव घेऊन टाका. माझ्या सहीने टाका."

त्याने माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी हसला नाही.

२२ मार्च

दिवसभर फोन. सून रजा टाकून बसलीय. ती एजन्सीतून आणखी दोघींना घेऊन आली, शेजारच्यांचा फोन मागून घेतला. हे आणि दानशूर ज्यांचे फोन नाहीत त्यांच्या घरी जाताहेत, स्कूटरवर, दोघं म्हातारे. 'नळाचं पाणी'चे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊन टाकले. त्याने वजन केलं. मी वळूनही पाहिलं नाही.

एक जण म्हणाला, "कोष्टक? ते आम्ही कधीच काढून टाकलं, रंग दिला तेव्हा." एवढा आनंद मला कोणाच्या रंगाचा झाला नव्हता. दुसरी म्हणाली, "आहे की दारावर, रोज बघते." तिच्याकडे चाळीसचंच औषध होतं. मी तिला फोन तसाच धरून ठेवायला लावला आणि कागद फाडल्याचा आवाज ऐकल्यावरच फोन ठेवला. तिसरा संतापला — "पैसे दिलेत आम्ही! फुकटातलं असतं तर समजलो असतो." बरोबर बोलला. माझंच बोलणं मला ऐकवलं त्याने, त्याला ठाऊक नसताना.

आता उरलेले नंबर उद्या.

२३ मार्च

दुपारी एका घरी मुलीने फोन उचलला. आई आहेत का म्हटलं. म्हणाली, आई जानेवारीत गेली. झोपेतच. आदल्याच आठवड्यात नवं औषध सुरू केलं होतं. साखर एकदम उतरली म्हणाले डॉक्टर, होतं असं कधी कधी.

सुई कोण टोचायचं विचारलं. "आई स्वतःच. कपाटावरचं बघून. फार व्यवस्थित होती ती."

ती म्हणाली, "हॅलो? कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं.